न हसता हसवणारा : बस्टर कीटन



चित्रपटातील विनोदवीर म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे पहिली मूर्ती उभी राहते ती चार्ली चॅप्लिनची. आखूड कोट, ढगळ विजार, हातात वेताची काठी आणि ओठांवर इवलीशी मिशी. चॅप्लिन आपल्याकडे घराघरांत पोहोचला. परंतु त्याच काळात, त्याच हॉलिवूडमध्ये, त्याच्या तोलाचा आणखी एक कलावंत काम करीत होता. त्याच्या डोक्यावर चपटी हॅट असे, अंगाने तो सडपातळ, उंचीने बेताचा आणि चेहऱ्याने विलक्षण गंभीर. पडद्यावर तो जवळजवळ कधीच हसत नसे, पण समोरचा प्रेक्षक मात्र हसून हसून बेजार होई. त्याचे नाव बस्टर कीटन. आजचे व्याख्यान त्याच्या जीवनाविषयी आणि कारकिर्दीविषयी आहे.

एका दृश्यापासून सुरुवात करू. वर्ष १९२७, स्थळ कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो नदीचा काठ. ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ या मूकपटाचे चित्रीकरण चालू आहे. कथेतील गावात चक्रीवादळ आले आहे. नायक एका दुमजली घरासमोर उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे त्या घराची संपूर्ण दर्शनी भिंत मुळापासून सुटून त्याच्या अंगावर कोसळते. भिंतीला वरच्या मजल्यावर एक उघडी खिडकी आहे. ती खिडकी नेमकी नायकाच्या डोक्यावरून आणि खांद्यांवरून खाली येते. भिंत जमीनदोस्त होते आणि नायक खिडकीच्या चौकटीत जसाच्या तसा उभा!

या दृश्यात कॅमेऱ्याची कोणतीही हातचलाखी नव्हती. भिंत खरी होती आणि तिचे वजन सुमारे दोन टन असल्याचे सांगितले जाते. खिडकीची चौकट आणि कीटनचे शरीर यांच्यामध्ये दोन-चार इंचांचे अंतर. पाऊल ठेवण्याची जागा खिळा ठोकून निश्चित केलेली. त्या क्षणी तो किंचित जरी सरकला असता, तरी पुढचे सांगण्याची गरज नाही. चित्रीकरण चालू असताना त्याच्या काही सहकाऱ्यांनी भीतीने नजर दुसरीकडे वळवली, असे म्हणतात.

त्या वेळी कीटन वयाच्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या कलेचा तो परमोच्च काळ होता. आणि जेमतेम साडेपाच वर्षांनी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याच कीटनला एका बलाढ्य चित्रपटसंस्थेने नोकरीवरून काढून टाकले. कोसळत्या भिंतीखाली जो अढळ उभा राहिला, तो माणूस एका कागदावरच्या सहीने कसा कोसळला? आणि त्यानंतर तो पुन्हा उभा कसा राहिला? आजच्या विवेचनाचे हेच सूत्र आहे.

रंगमंचाच्या फळीवरचे बालपण

जोसेफ फ्रँक कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पिक्वा या लहानशा गावी झाला. हे गाव त्याच्या आईवडिलांचे नव्हे. जो आणि मायरा कीटन हे फिरते कलावंत. गावोगाव तंबू ठोकायचा, गाणी-नकला-कसरती करून गर्दी जमवायची आणि त्या गर्दीला औषधांच्या बाटल्या विकायच्या, अशा एका फिरत्या ताफ्यात ते काम करीत. मुक्काम त्या गावी पडला असताना मुलाचा जन्म झाला, एवढेच.

‘बस्टर’ हे त्याचे टोपणनाव. मूल दीड वर्षाचे असताना जिन्यावरून गडगडत खाली आले आणि त्याला काहीही झाले नाही. ते पाहून कोणीतरी ‘काय हा बस्टर!’ असे उद्गार काढले, अशी घरातली आख्यायिका. जोरात आपटणे-धोपटणे अशा अर्थाची छटा त्या शब्दाला होती. हे नाव प्रख्यात जादूगार हूडिनीने ठेवले, असे कीटन कुटुंब सांगत असे. अभ्यासकांना मात्र ते फारसे पटत नाही. नाव कोणीही ठेवलेले असो, पडायचे आणि काहीच झाले नाही अशा रीतीने उठायचे, हा त्या मुलाच्या आयुष्याचा मंत्र ठरला.

पुढे कीटन दांपत्य अमेरिकेतील ‘व्होडव्हील’ रंगमंचावर आले. व्होडव्हील म्हणजे एकाच तिकिटात गाणे, नृत्य, कसरत, जादू, नकला असे दहा-बारा तुकडे दाखवणारा करमणुकीचा कार्यक्रम. चार-पाच वर्षांचा बस्टर आईवडिलांबरोबर रंगमंचावर उभा राहू लागला आणि ‘थ्री कीटन्स’ हा प्रयोग गाजू लागला. विषय साधाच होता. वडील मुलाला वळण लावू पाहतात, मुलगा ऐकत नाही, मग वडील त्याला उचलून फेकतात. कधी पडद्यावर, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात, तर कधी थेट प्रेक्षकांत. मुलाला उचलायला सोपे जावे म्हणून त्याच्या कोटाच्या पाठीला प्रवासी पेटीची मूठ शिवलेली असे!

हे पाहून न्यूयॉर्कमधील बालसंरक्षण संस्थेचे लोक वारंवार चौकशीला येत. मुलाच्या अंगावर मारहाणीचे वळ आहेत का, हे कपडे काढून तपासले जाई. न्यूयॉर्कमध्ये काही काळ या प्रयोगावर बंदीही आली. स्वतः कीटनने मात्र आपला छळ झाला असे कधी म्हटले नाही. आपल्याला पडण्याचे शास्त्र शिकवले गेले, अशीच त्याची धारणा होती. शरीर कधी सैल सोडायचे, कोणता स्नायू कधी आवळायचे, हे त्याला अक्षरओळखीच्याही आधी समजले. शाळेत तो जेमतेम एक दिवस गेला, असे तो सांगे. त्याची शाळा म्हणजे रंगमंचाची फळी.

याच शाळेत त्याला एक मोठा धडा मिळाला. आपटल्यानंतर आपण स्वतः हसलो, तर प्रेक्षक कमी हसतात. चेहरा गंभीर ठेवला, तर ते अधिक हसतात. वडीलही त्याला प्रयोगात दबक्या आवाजात चेहरा सांभाळण्याची आठवण करून देत. पुढे जगभर ज्या ‘पाषाणमुद्रे’चा बोलबाला झाला, ती मुद्रा अशी लहानपणीच घडली. तथापि तिला निर्विकार म्हणणे अन्यायाचे होईल. त्या चेहऱ्यावरचे विशाल डोळे सर्व काही बोलत असत. आश्चर्य, चिंता, निश्चय, प्रेम, सारे त्या डोळ्यांत दिसे. फक्त स्वतःविषयीची कणव तेवढी दिसत नसे.

वडिलांचे मद्यपान वाढत गेले. दारूच्या अमलाखाली असलेल्या माणसाच्या हातून फेकले जाणे हा जिवाशी खेळ होता. अखेर १९१७ च्या आरंभी मायरा आणि बस्टर यांनी तो प्रयोग थांबवला. एकवीस वर्षांचा कीटन न्यूयॉर्कला आला.

यंत्राशी मैत्री

न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ पडली रोस्को आर्बकलशी. स्थूल देहाचा हा विनोदी नट तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता. चित्रीकरण कसे चालते, हे पाहायला आलेल्या कीटनला आर्बकलने तिथल्या तिथे एका दृश्यात उभे केले. तो मूकपट म्हणजे १९१७ चा ‘द बुचर बॉय’. पण त्या दिवशी कीटनला अभिनयापेक्षा वेगळ्याच गोष्टीने भारून टाकले. त्याला कॅमेरा आतून पाहायचा होता. त्याचे चाक कसे फिरते, फिल्म कशी सरकते, कापाकापी आणि जोडणी कशी होते, हे त्याने समजावून घेतले. रंगमंचावर जे करता येत नाही, ते या यंत्राला करता येते, हे त्याने पहिल्या दिवशीच ओळखले.

पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. फ्रान्समधील वास्तव्यात कानाचा विकार जडला आणि ऐकण्याची शक्ती कायमची कमी झाली. परतल्यावर निर्माता जोसेफ शेंक याने १९२० साली त्याला हॉलिवूडमध्ये स्वतंत्र स्टुडिओ दिला. एके काळी चॅप्लिनने जिथे काम केले होते, तीच ही जागा.

इथून पुढची आठ वर्षे हा कीटनच्या आयुष्यातील सुवर्णकाळ. या अवधीत त्याने १९ लघुपट आणि १० दीर्घ मूकपट निर्माण केले. ‘वन वीक’मध्ये नवविवाहित जोडप्याला सुटे भाग जोडून उभारायचे घर भेट मिळते; एक मत्सरी माणूस खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो आणि मग जे घर उभे राहते, ते पाहून हसू आवरत नाही. ‘द प्लेहाऊस’मध्ये रंगमंचावरचे कलावंत, वादक आणि प्रेक्षक सारे काही कीटनच! एकाच चौकटीत नऊ कीटन एकत्र नाचताना दिसतात. आज संगणकावर हे सहज साधते. १९२१ साली छायाचित्रकार एल्गिन लेस्ली याने कॅमेऱ्याच्या भिंगापुढचा एक-एक भाग उघडून, तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे फिरवून, हाताने कॅमेरा चालवत हे साध्य केले. हाताचा वेग एका क्षणाने चुकला असता, तर नऊही नर्तकांचा ताल बिघडला असता.

‘शेरलॉक ज्युनिअर’ हा १९२४ चा मूकपट तर चित्रपटकलेविषयीचेच चिंतन आहे. चित्रपटगृहात यंत्र चालवणारा तरुण झोपी जातो आणि स्वप्नात थेट पडद्यावरच्या चित्रात शिरतो. तो बाकावर बसू पाहतो, तेवढ्यात दृश्य बदलते आणि तो रस्त्यावर आपटतो. समुद्रात उडी घेतो आणि बर्फात जाऊन पडतो. दृश्य बदलले तरी नायकाची जागा तसूभरही हलू नये, म्हणून जमिनीच्या मोजणीची साधने वापरून कॅमेऱ्यापासूनचे अंतर मोजले जात होते. याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा नळ सुटून त्याचा लोट कीटनवर कोसळला आणि त्याची मान रुळावर आपटली. काही दिवस डोके दुखले. काम चालूच राहिले. मानेचे हाड त्या वेळी मोडले होते, हे अनेक वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या क्ष-किरण चित्रात उघड झाले!

एकत्र काम करण्याची रीत

अशी निर्मिती होत होती, तिच्या मुळाशी काय होते? केवळ एका माणसाची प्रतिभा हे उत्तर अपुरे आहे. कीटनभोवती पाच-सात जिवाभावाच्या सहकाऱ्यांचा मेळा होता. कथेची जुळवाजुळव करणारे क्लाइड ब्रकमन आणि त्याचे सोबती, छायाचित्रकार लेस्ली, वाटेल ते यंत्र उभे करून देणारा फ्रेड गॅबुरी. त्यांच्याकडे लिहिलेली पटकथा क्वचितच असे. आधी कथेचा आरंभ ठरे, मग शेवट. हे दोन्ही पक्के झाले, की मधला भाग आपोआप सापडेल असा विश्वास. एखादी अडचण सुटली नाही, तर सर्व जण स्टुडिओच्या आवारात बेसबॉल खेळायला जात. खेळता खेळता कोणाला तरी मार्ग सुचे आणि काम पुन्हा सुरू होई. तिथे मालक-नोकर असा भेद जाणवत नसे.

१९२५ च्या ‘सेव्हन चान्सेस’चे उदाहरण या रीतीवर चांगला प्रकाश टाकते. नायकामागे लग्नोत्सुक स्त्रियांची झुंड लागली आहे आणि तो टेकडीवरून पळत सुटला आहे, असा प्रसंग होता. चित्रपट पूर्ण झाल्यावर नेहमीप्रमाणे तो एका प्रेक्षकवर्गापुढे परीक्षणासाठी दाखवला. शेवट फिका वाटला. पण एका ठिकाणी लोक अचानक हसले. का, म्हणून नीट पाहिले, तर पळताना कीटनच्या पायाने दोन-तीन दगड निसटले होते आणि ते त्याच्यामागे घरंगळत येत होते. जणू दगडही त्याचा पाठलाग करीत होते. झाले! कीटनने लहानमोठे शेकडो कृत्रिम धोंडे तयार करवले आणि टेकडीवर पुन्हा चित्रीकरण केले. आज तो पाठलाग विनोदी चित्रपटांच्या इतिहासात अजरामर ठरला आहे. प्रेक्षकांच्या अनपेक्षित हास्यातून शिकण्याची नम्रता आणि शिकलेले लगेच अमलात आणण्याची मोकळीक, या दोन्ही गोष्टी तिथे होत्या. त्यातली दुसरी पुढे हिरावली गेली.

मैत्री निभावण्यातही तो मागे हटला नाही. १९२१ साली आर्बकलवर एका अभिनेत्रीच्या मृत्यूप्रकरणी खटला उभा राहिला. वृत्तपत्रांनी न्यायालयाच्या आधीच त्याला दोषी ठरवले. तिसऱ्या सुनावणीनंतर १९२२ साली ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले, पण त्याची कारकीर्द संपली होती. चित्रपटव्यवसायाने पाठ फिरवली असताना कीटनने आपल्या गुरुतुल्य मित्राची साथ सोडली नाही. त्याला आर्थिक मदतही केली.

‘द जनरल’ : यश आणि अपयश

१९२६ साली कीटनने आपली सर्वांत महत्त्वाकांक्षी कलाकृती हाती घेतली. अमेरिकेतील यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेकडील एक रेल्वे इंजिन पळवले होते आणि त्याचा दीर्घ पाठलाग झाला होता. ही सत्यकथा त्याने ‘द जनरल’साठी निवडली. नायक जॉनी ग्रे हा दक्षिणेतील इंजिनचालक. त्याची दोनच प्रेमस्थाने, एक त्याची प्रेयसी आणि दुसरे त्याचे इंजिन. ओरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह या गावाजवळ जुन्या धाटणीचे रूळ होते, म्हणून सारा लवाजमा तिकडे गेला. ओरेगनच्या राष्ट्रीय रक्षक दलातील शेकडो जवानांनी कधी उत्तरेचा, कधी दक्षिणेचा गणवेश चढवून दोन्ही सैन्ये उभी केली.

या चित्रपटाचा कळसाध्याय म्हणजे जळत्या पुलावरून जाणारे इंजिन. २३ जुलै १९२६ रोजी खरे इंजिन खऱ्या पुलावरून नदीत कोसळवण्यात आले. पुन्हा चित्रीकरणाचा प्रश्नच नव्हता. मूकपटांच्या काळातील सर्वांत खर्चिक दृश्य म्हणून त्याची गणना होते. त्या इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी उचलला जाईपर्यंत नदीतच पडून होता.

आज ‘द जनरल’कडे पाहताना एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. कथा दक्षिणेच्या बाजूने सांगितलेली आहे आणि ज्या गुलामगिरीच्या प्रश्नावर ते युद्ध पेटले, त्याविषयी चित्रपट मौन बाळगतो. तो त्या काळच्या अमेरिकी करमणुकीचा दोष होता आणि कीटन त्याला अपवाद नव्हता. त्याच्या काही चित्रपटांत कृष्णवर्णीयांची थट्टाही आढळते. कलावंताचे मोठेपण मान्य करताना हे झाकण्याचे कारण नाही.

चित्रपटावर सुमारे साडेसात लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगतात. १९२७ च्या आरंभी तो अमेरिकेत झळकला आणि अपेशी ठरला. समीक्षकांना तो कंटाळवाणा वाटला. प्रेक्षकांना युद्धाच्या पार्श्वभूमीवरचा विनोद पचला नाही. ज्या कलाकृतीला पुढे जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या पंगतीत स्थान मिळाले, तिनेच तिच्या निर्मात्याचे आर्थिक पाठबळ काढून घेतले.

एक सही

यानंतर शेंकने कीटनचा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्याला मेट्रो-गोल्डविन-मेयर म्हणजे एमजीएम या बलाढ्य संस्थेत जाण्याचा सल्ला दिला. शेंकचा सख्खा भाऊ निकोलस हा त्या संस्थेच्या मालक कंपनीचा प्रमुख होता. आठवड्याला ३,००० डॉलर वेतन! चॅप्लिनने आणि हॅरल्ड लॉइडने कीटनला सावध केले, की तिथे तुझे स्वातंत्र्य राहणार नाही. तरीही १९२८ च्या जानेवारीत कीटनने करारावर सही केली. हीच आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक, असे तो पुढे म्हणत असे.

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. चॅप्लिन आणि लॉइड हे सल्ला देऊ शकले, कारण ते स्वतःच्या चित्रपटांचे मालक होते. कीटन मात्र ‘कीटन स्टुडिओ’चाही मालक नव्हता. पाटी त्याच्या नावाची, मालकी दुसऱ्याची. हिशेब, भागभांडवल, हक्क या गोष्टींकडे त्याने कधी लक्षच दिले नाही. त्यात नात्याचीही गुंतागुंत होती. शेंकची पत्नी नॉर्मा टॉल्मज ही कीटनच्या पत्नीची, नॅटलीची, सख्खी बहीण. घरातल्या माणसावर विश्वास ठेवून त्याने सर्व काही सोपवले. शेंक लबाड होता असे म्हणता येणार नाही. पण जो आपल्या श्रमाच्या फळाची मालकी सांभाळत नाही, त्याला एक दिवस आपल्या श्रमाची पद्धतही गमवावी लागते, हे इथे दिसून आले.

एमजीएममधला पहिला मूकपट ‘द कॅमेरामन’ कीटनने भांडून-तंडून आपल्या पद्धतीने केला आणि तो उत्तम वठला. पण तेवढेच. त्या संस्थेत प्रत्येक दृश्य आधी लिहून मंजूर करून घ्यावे लागे. पटकथेला वेगळे खाते, विनोदाला वेगळी माणसे, वर देखरेख करणारा अधिकारी. त्याचा जुना मेळा विखुरला गेला. धोक्याची दृश्ये स्वतः करायची नाहीत, अशी ताकीद मिळाली. कारण तो आता कंपनीची मौल्यवान मालमत्ता होता. टेकडीवर घरंगळणारे दोन दगड पाहून सारा शेवट पालटण्याची सोय या व्यवस्थेत कुठून असणार?

पाठोपाठ बोलपट आले. बोलपटांनी कीटनला संपवले, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्याचा आवाज चांगला होता आणि त्याचे सुरुवातीचे बोलपट पैसाही मिळवत होते. त्या काळी एकच चित्रपट वेगवेगळ्या भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करण्याची पद्धत होती; कीटनने स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन संवाद उच्चार घोकून म्हटले. मात्र त्या चित्रपटांत त्याला शब्दबंबाळ विदूषक बनवले गेले. ज्याची बुद्धी संकटातून युक्ती काढण्यात रमायची, त्याला केवळ मूर्ख ठरवण्यात आले. चित्रपट चालत होते आणि त्यांतला कलावंत आतून मरत होता.

वडिलांना लागलेले व्यसन आता मुलालाही लागले. १९३२ साली नॅटलीशी घटस्फोट झाला. बेव्हर्ली हिल्समधील प्रासादतुल्य घर गेले, दोन्ही मुलगे दुरावले आणि पुढे त्यांचे आडनावही कीटनऐवजी टॉल्मज झाले. फेब्रुवारी १९३३ मध्ये एमजीएमने त्याला काढून टाकले. दुसरा विवाह झाला, तोही टिकला नाही. मद्यपानापायी रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली.

पुन्हा उठणे

लहानपणी शिकलेला मंत्र आठवा. पडायचे आणि उठायचे.

कीटन उठला, पण चित्रपटात उठतात तसा एका क्षणात नव्हे. स्वस्त लघुपटांत त्याने कामे केली. ज्या एमजीएमने त्याला काढले होते, तिथेच तो दुसऱ्यांच्या चित्रपटांना विनोदाच्या कल्पना पुरवण्याचे काम करू लागला, आठवड्याला १०० डॉलरवर! जिथे ३,००० मिळत होते, तिथे १००. मार्क्स बंधू, रेड स्केल्टन अशा नटांसाठी त्याने प्रसंग रचले. पडद्यावर नाव नाही, गौरव नाही. त्याने तक्रार केली नाही. काम हे काम, एवढेच त्याला माहीत होते.

या काळात त्याच्या आयुष्यात एलिनॉर नॉरिस ही तरुण नर्तकी आली. त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळींत ती ब्रिज शिकायला येत असे. वयाने ती त्याच्यापेक्षा सुमारे तेवीस वर्षांनी लहान. हितचिंतकांनी तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मे १९४० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि कीटनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षे, तो संसार सुखाचा झाला. १९४७ साली पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत कीटन विदूषक म्हणून रिंगणात उतरला, तेव्हा युरोपातील प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे त्याच्या जोडीने एलिनॉरही रंगमंचावर उभी राहू लागली.

१९४९ साली ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकात जेम्स एजी या समीक्षकाने मूकपटांतील विनोदवीरांवर प्रदीर्घ लेख लिहिला आणि नव्या पिढीला कीटनची ओळख पटली. त्याच सुमारास दूरचित्रवाणीने त्याला पाचारण केले. १९५२ साली चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्ये हे दोन महारथी प्रथमच पडद्यावर एकत्र आले. एकाच्या हाती व्हायोलिन, दुसऱ्याच्या पुढे पियानो. विनोदाच्या दोन घराण्यांची ती जुगलबंदी होती.

पण त्याचे जुने मूकपट कुठे होते? नायट्रेटच्या त्या फिल्म कुजून चालल्या होत्या. इथे योगायोग मदतीला आला. कीटनचे बेव्हर्ली हिल्समधील जुने घर पुढे जेम्स मेसन या अभिनेत्याने विकत घेतले होते. त्या आवारातील एका खोलीत कीटनच्या चित्रपटांच्या प्रती सापडल्या. रेमंड रोहाउअर या संग्राहकाने १९५० च्या दशकात कीटनशी हातमिळवणी करून जुन्या प्रती गोळा केल्या, नव्या फिल्मवर उतरवल्या आणि जगभर दाखवायला सुरुवात केली. आज कीटनचे स्वतंत्र काळातील जवळजवळ सर्व चित्रपट उपलब्ध आहेत. आपल्याकडील बहुसंख्य मूकपट कायमचे नष्ट झाले, हे ध्यानात घेतले, म्हणजे या सांभाळण्याचे मोल कळते.

१९६० साली त्याला विशेष ऑस्कर मिळाले. नाटककार सॅम्युअल बेकेटने आपल्या एकमेव चित्रपटासाठी कीटनची निवड केली. सप्टेंबर १९६५ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात हजारो रसिकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. त्यानंतर काही महिन्यांनी, १ फेब्रुवारी १९६६ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने वयाच्या सत्तराव्या वर्षी त्याने जगाचा निरोप घेतला. आजार कोणता, हे त्याला सांगण्यात आले नव्हते. शेवटच्या वर्षापर्यंत तो काम करीत होता.

१९७२ साली ब्रिटनमधील ‘साइट अँड साउंड’ नियतकालिकाने समीक्षकांकडून सर्वकाळच्या श्रेष्ठ चित्रपटांची यादी मागवली, तेव्हा पहिल्या दहांत ‘द जनरल’ होता. १९८९ साली अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पहिल्याच तुकडीत ‘द जनरल’चे नाव आले. ज्या चित्रपटाने त्याला स्टुडिओ गमवावा लागला, त्यानेच त्याला अमर केले.

विनोदाचे मर्म

श्रोतेहो, चॅप्लिन आपल्याला हसवता हसवता रडवतो. तो प्रेक्षकाकडे पाहतो आणि सहानुभूती मागतो. कीटन कोणाकडे काही मागत नाही. वादळ येते, भिंत पडते, इंजिन पळते. तो क्षणभर पाहतो, विचार करतो आणि कामाला लागतो. सुखदुःखांकडे समभावाने पाहण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. कॅन्ससमधल्या या शाळेत न गेलेल्या माणसाने ती शिकवण कोणत्या ग्रंथात वाचली नव्हती, पण पडद्यावर आणि पडद्याबाहेर ती जगून दाखवली.

तरीही त्याच्या कथेचा बोध केवळ सहनशीलतेपुरता नाही. पडून उठणे हा गुण थोर खरा. पण त्याच्या आयुष्यातील वीस-पंचवीस वर्षे जी वाया गेली, ती कोणत्याही कौतुकाने परत आली नाहीत. सदतीस वर्षांचा कीटन आणखी किती ‘जनरल’ देऊ शकला असता, या प्रश्नाला उत्तर नाही. ज्या छोट्या मेळ्यात माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, चुकण्याची मुभा असते आणि दोन दगड घरंगळले तरी सर्व जण थांबून पाहतात, तिथेच नवनिर्मिती घडते. असा मेळा जमवायला वर्षे लागतात. मोडायला एक सही पुरते.

कीटनचे मूकपट आज अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आहेत आणि कोणालाही सहज पाहता येतात. त्यांना भाषेची अडचण नाही. एखाद्या रविवारी घरातील आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून ‘शेरलॉक ज्युनिअर’ किंवा ‘द जनरल’ पाहावा. नातवंडे आधी हसतील, आजोबा मागून. आणि पडद्यावरचा तो चपट्या हॅटचा माणूस, सर्वांना हसवून, स्वतः मात्र गंभीर चेहऱ्याने पुढच्या संकटाकडे चालू लागलेला असेल.